बोटभर एंजल, वीतभर नखरा!

माहीत आहे का? बालाघाटहून कुठल्याही दिशेला सरळ निघालात, तरी पहिल्या पाचशे किलोमीटरमध्ये खारं पाणी पायाला लागत नाही. वाघ बघायचा तर व्याघ्र प्रकल्पाचं मुक्की गेट आहे. भात खायचा तर २०२१ मध्ये जीआय मानांकन मिळवलेला चिन्नोर आहे. समुद्र मात्र नाही!

नाही म्हणजे, तसा आहे. काचेच्या पेटीत, दिवाणखान्यात, निळ्या एलईडीखाली तो बसवता येतो. आणि या घरगुती समुद्राचा हिरो कोण? बोटभर लांबीचा, पण सगळी गल्ली आपलीच समजणारा ड्वार्फ एंजलफिश. चला, मारू डुबकी. टॉवेल आणायची गरज नाही.

हा तो एंजल नव्हे!

नागपूर-गोंदियाच्या फिश शॉपमध्ये जाऊन ‘एंजल द्या’ म्हणा. दुकानदार त्रिकोणी अंगाचा, लांब परांचा, काळ्या पट्ट्यांचा मासा पिशवीत भरून देईल. तो अ‍ॅमेझॉनच्या गोड्या पाण्यातला गडी, तिलापियाच्या कुळातला. आपला समुद्री एंजल वेगळ्याच घराण्याचा. दोघांच्यात सोयरीक नाही, सुतक नाही.

ओळखायचं कसं? गाल बघा! प्रत्येक समुद्री एंजलच्या गालाखाली, कल्ल्याच्या झाकणाच्या कोपऱ्यावर, एक धारदार काटा मागच्या बाजूला रोखलेला असतो. जाळीने पकडायला गेलात की काटा जाळीत अडकतो, मासा फडफडतो, सोडवणारा घामाघूम. म्हणून जाणकार जाळी वापरतच नाहीत. पारदर्शक डबा पाण्यात आडवा बुडवायचा, माशाला हळूच आत वळवायचं आणि पाण्यासकट उचलायचं. काटा शाबूत, बोटंही शाबूत.

ड्वार्फ म्हणजे नक्की केवढा? समुद्री एंजलच्या सुमारे ९० जाती आहेत. त्यातला ग्रे एंजल ६० सेंटीमीटरपर्यंत वाढतो, त्याला टँक नाही, विहीर लागेल. ड्वार्फ मंडळींचा गट म्हणजे ‘सेंट्रोपायगी’. तिशीच्या वर जाती, आणि बहुतेक जण दहा-बारा सेंटीमीटरवर थांबतात. अटलांटिकमधला चेरुब तर आठच्या आसपास गाडी पार्क करतो.

पण मापावर जाऊ नका. नवा मासा टँकमध्ये सोडा आणि बघा. हा चिमुकला कपारीतून गोळीसारखा बाहेर येतो, पाहुण्याला दोन चकरा मारायला लावतो आणि मगच खडकाआड जातो. म्हणूनच अनुभवी लोक सांगतात, ड्वार्फ एंजलला टँकमध्ये सगळ्यात शेवटी सोडा. आधी आला की तो भाडेकरू राहत नाही, मालक होतो!

रंगांचं बॉक्स ऑफिस

सुपरस्टार अर्थातच फ्लेम एंजल. भडक नारिंगी-लाल अंग, त्यावर उभे काळे पट्टे, परांच्या टोकांना निळी झालर. याचा मोठा पुरवठा होतो प्रशांत महासागरातल्या ख्रिसमस बेटावरून.

थांबा, कुठलं ख्रिसमस बेट? माहीत आहे का, जगात ख्रिसमस बेटं दोन आहेत! फ्लेमवालं किरिबाती देशातलं. दुसरं हिंदी महासागरात, ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातलं. आणि ते दुसरंही एंजलप्रेमींत फेमस आहे, पण वेगळ्याच कारणासाठी. तिथे लेमनपील, एबल आणि हाफ-ब्लॅक या तीन जातींची आपापसात लग्नं लागतात आणि धड ना इकडची, धड ना तिकडची अशी मिश्र रंगाची पिल्लं फिरताना दिसतात. आंतरजातीय विवाह, तोही पत्रिका न बघता.

हवाईचा पॉटर्स एंजल १९१२ मध्ये शास्त्राच्या वहीत नोंदवला गेला. नाव कुणाचं? होनोलुलू मत्स्यालयाचे पहिले संचालक फ्रेडरिक पॉटर यांचं. मत्स्यालय सांभाळा, मासा नावावर मिळवा. ऑफर वाईट नाही!

आणि सगळ्यात महाग? पेपरमिंट एंजल. लाल-पांढरे पट्टे, बडीशेपेच्या गोळीचा लूक. १९९२ मध्ये कुक बेटांवरून त्याचं वर्णन झालं. राहतो पन्नास मीटरच्याही खाली, म्हणजे पकडणाऱ्याला खास डायव्हिंग करावं लागतं. किंमत ऐकताय? पार ३०,००० डॉलरपर्यंतचे आकडे बोलले जातात. एका माशाला! इतक्या पैशात इकडे कार येते, आणि तिला रोज कोळंबी भरवावी लागत नाही.

बाई गेली, बुवा आला!

आता खुर्ची घट्ट धरा. माहीत आहे का, ड्वार्फ एंजल जन्मतः नर नसतो?

सगळे आधी मादी म्हणून मोठे होतात. रीफवर एक नर आणि त्याच्या दोन-चार किंवा जास्त माद्या असं कुटुंब असतं. नर मेला किंवा कुणी गिळला, की सगळ्यात मोठी मादी सूत्रं हातात घेते. वागणं आधी बदलतं. ती बाकीच्या माद्यांवर गस्त घालू लागते, पर ताणून मिरवते. मग काही आठवड्यांत शरीरही बदलतं. कालची वहिनी आज दादा!

एवढ्यावर संपलं असतं तर ही कुठल्याही रीफ माशाची गोष्ट झाली असती. पण जपानच्या ओकिनावाकडे सापडणाऱ्या रस्टी एंजलवर संशोधकांनी प्रयोग केला, तेव्हा गाडी उलटीही फिरली. दोन नर एकत्र आले, की हरलेला पुन्हा मादी व्हायला लागतो. म्हणजे रिव्हर्स गिअरसुद्धा फिट केलेला आहे.

याचा फायदा शौकीन घेतात. जोडी हवी? एक मोठा आणि एक अगदी लहान मासा निवडायचा. दुकानदाराला ‘नर द्या, मादी द्या’ म्हणायची गरजच नाही, ते दोघं आपसात ठरवतात. मात्र सारख्या आकाराचे दोन उचललेत तर आधी निवडणूक होईल, आणि तीही हाणामारीची.

त्यांची ‘डेट’ रोज ठरलेल्या वेळी असते. सूर्यास्त! नर एकेका मादीकडे जातो, तिच्या पोटाला तोंडाने हळूच ढोसतो, दोघं मिळून पाण्यात वर उसळतात, अंडी सुटतात आणि झालं. मिलिमीटरपेक्षाही लहान अंडी प्रवाहाबरोबर निघून जातात, दिवसभरात फुटतात. आईबाप मागे वळून बघतही नाहीत. टँकमध्ये टायमरने दिवे हळूहळू मंद केलेत, तर हा शो सोफ्यावर बसून बघता येतो. तिकीट नाही.

डुप्लिकेट माल!

हिंदी महासागरातला एबल एंजल आपल्या अंदमानातही असतो. करड्या अंगावर केशरी रेघा, शेपटी काळी. १९६३ मध्ये त्याला नाव मिळालं ते ऑस्ट्रियाचे वर्तनशास्त्रज्ञ आयबल-आयबेसफेल्ट यांच्यावरून.

पण त्याच्यासारखा दिसणारा प्रत्येक मासा एबल नसतो! एका सर्जनफिशची पिल्लं हुबेहूब त्याचा रंग घेऊन फिरतात. तोच करडा, त्याच रेघा. मोठं झालं की मेकअप उतरवून मूळ रूपात येतात. त्याचा प्रशांत महासागरातला चुलतभाऊ तर आणखी पोचलेला. तो ज्या भागात जो एंजल असेल त्याची कॉपी करतो, कुठे पिवळाधमक लेमनपील, कुठे हाफ-ब्लॅक. नक्कल का? शिकारी काटेवाल्या चपळ एंजलच्या नादी लागत नाहीत म्हणून, असं एक उत्तर दिलं जातं. नेमकं कारण कोणतं, यावर अजून चर्चा चालू आहे.

बोगस पकडायचा कसा? पुन्हा तेच, गाल बघा. काटा नसेल तर माल डुप्लिकेट.

तांब्याच्या गावात तांब्याची बंदी

आता खास बालाघाट स्पेशल!

माहीत आहे का, याच जिल्ह्यात मलाजखंडला हिंदुस्तान कॉपरची प्रचंड तांब्याची खाण आहे? १९८२ पासूनचा प्रकल्प, आणि देशातल्या तांब्याच्या साठ्यांचा मोठा हिस्सा इथलाच. याच जिल्ह्यात भरवेलीला मॉइल कंपनीची मँगनीजची खाण, आशियातल्या सगळ्यात खोल भूमिगत मँगनीज खाणींत तिची गणती होते. धातूंचा हा जिल्हा श्रीमंत आहे.

आणि रीफ टँकचा शत्रू नंबर वन कोण? तांबं!

प्रवाळ, कोळंबी, शंख, खेकडे यांना तांब्याचा अंशसुद्धा सोसत नाही. गंमत अशी, की हेच तांबं आजारी माशाचं औषध आहे. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठवणाऱ्या परजीवीला मारायला, लिटरमागे मिलिग्रॅमच्या हिशोबात तांबं टाकतात. पण वेगळ्या क्वारंटाइन टँकमध्ये, टेस्ट किटने मोजून. मुख्य टँकमध्ये ओतलंत तर परजीवी जाईल आणि त्याच्याबरोबर अख्खं प्रवाळबेटही जाईल. वर, ड्वार्फ एंजल स्वतःही तांब्याच्या डोसला नाजूक. मात्रा हळूहळू चढवायची, घाई केली की हा खाणं सोडतो.

म्हणून पितळी नळ नको, तांब्याची तार पाण्यात नको. आणि पाहुणचाराची सवय म्हणून तांब्यातलं पाणी टँकमध्ये ओतू नका. तांब्यातलं पाणी माणसाला, प्लास्टिकच्या बादलीतलं माशाला!

मे महिन्यात बालाघाट मुंबईला हरवतो

हे खोटं वाटेल, पण एका बाबतीत बालाघाट मुंबईपेक्षा सरस आहे.

रीफला हवं २४ ते २७ अंश पाणी. तीस ओलांडलं की प्रवाळ पांढरं पडायची भीती. आणि मे महिन्यात इथला पारा बेचाळीस-त्रेचाळीसची शिडी चढतो. मग? आपल्याकडे कूलर चालतो ना, त्याच शास्त्राने टँकही चालतो. हवा कोरडी असली की पाण्याच्या पृष्ठभागावर लावलेला साधा छोटा पंखा बाष्पीभवन वाढवून पाण्याचे दोन-तीन अंश खेचून नेतो. मुंबईच्या दमट हवेत तोच पंखा नुसता फिरतो. अर्थात हा जोर मे महिन्यापुरता. पहिला पाऊस पडून हवा ओली झाली की बालाघाटचा पंखाही मान टाकतो, आणि चिलरवाल्याचा फोन शोधावा लागतो. उन्हाळ्यातही खोली तापलेली असेल तर एकटा पंखा पुरत नाही, हेही लक्षात ठेवा.

आणि आता कोडं. पंख्याने रोज काही लिटर पाणी उडालं. भर कशाची घालाल? ‘खारं पाणी!’ चूक! पाणी उडतं, मीठ खालीच राहतं. तेव्हा खाऱ्या टँकला रोज गोडं पाणी पाजायचं, तेही आरओ-डीआय फिल्टरचं, विरघळलेले क्षार (टीडीएस) शून्याजवळ असलेलं. रोज खारं ओतत राहिलात तर महिनाभरात मासा लोणच्यात.

मीठ किती? समुद्रात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम. म्हणजे ३०० लिटरच्या टँकला साडेदहा किलो! किराणा दुकानाचं नाही हं. समुद्राच्या मिठात सोडियम आणि क्लोराइड मिळून सुमारे ८५ टक्के, उरलेल्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट, पोटॅशियम वगैरे मंडळी. प्रवाळ आपला सांगाडा त्याच कॅल्शियमवर बांधतं. स्वयंपाकाच्या मिठात समुद्र नसतो, फक्त खारटपणा असतो.

वीज गेली तर? मीठ संपलं तर दोन दिवस निभावतं, पण पंप बंद पडले की पाण्यातला ऑक्सिजन काही तासांत घसरतो. बॅटरीवर चालणारा एअर पंप ही टँकमधली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाची वस्तू. फ्लेम एंजलच्या आधी तो घ्या.

रीफ सेफ? हो… पण!

इथे शौकिनांच्या दोन पार्ट्या पडतात, आणि प्रत्येकाकडे पुरावा असतो.

ड्वार्फ एंजल दिवसभर चरतो. खडकावरचं शेवाळ, त्यातला गाळ, बारीक जीव. टिप-टिप-टिप चोच मारत एका खडकावरून दुसऱ्यावर. जवळ जाऊन बघा. तोंड इवलंसं, दात ब्रशच्या केसांसारखे. प्रवाळाच्या मांसल कडेवर त्याने एकदा टोचलं तर पॉलिप (प्रवाळातला एकेक जीव) आत ओढलं जातं आणि तासाभरात पुन्हा फुलतं. हरकत नाही. पण तेच प्रवाळ रोज पन्नास वेळा टोचलं गेलं, तर ते फुलणंच सोडतं. उपाशी राहून झिजतं.

गंमत म्हणजे एकाच जातीचा एक मासा वर्षानुवर्षं साधू राहतो, दुसरा पहिल्या आठवड्यातच झोअँथिड पॉलिपांची बाग साफ करतो. कोरल ब्युटी नावाचा ड्वार्फ एंजल त्यातल्या त्यात सज्जन मानला जातो, लेमनपीलचं रेकॉर्ड खराब. गॅरंटी कार्ड कुणाचंच नाही! मोठ्या पॉलिपांची मांसल प्रवाळं आणि शिंपले हे त्याचे आवडते पदार्थ, लहान पॉलिपांची फांद्यांची प्रवाळं बहुधा वाचतात.

बचाव? पोट भरलेलं ठेवा. सुशीला गुंडाळतात ते नोरी शेवाळ काचेला क्लिपने लावा. स्पायरुलिनाचे दाणे, गोठवलेली कोळंबी, दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं. आणि टँक निदान सहा महिने जुना हवा, लाइव्ह रॉकवर शेवाळ आणि बारीक जीव रुजलेले हवेत. लाइव्ह रॉकवर घरगुती रीफ चालवायची कल्पना जगापुढे आणली जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी, १९६१ च्या लेखात. ना भारी फिल्टर, ना यंत्रं. खडक, प्रवाह आणि ऊन. आज आपण हजारो रुपयांच्या मशिनरीने तेच साधतो!

मराठी रीफ कुठे?

माहीत आहे का, एका बुडालेल्या प्रवाळबेटाला मराठा सरखेलाचं नाव आहे? विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर समुद्रात अँग्रिया बँक, म्हणजे कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा उथळ पठारी भाग. वरचा माथाच वीस मीटर पाण्याखाली. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं, तिथेही प्रवाळ आहेत.

पण तिथून आठवण म्हणून तुकडा उचललात, तर पोलीसदादा भेटतील. २००१ पासून सगळी कठीण प्रवाळं वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत, वाघाच्या पंक्तीला! किमान तीन वर्षांची शिक्षा. म्हणजे बालाघाटात मुक्कीचा वाघ आणि मालवणचं पोवळं, दोन्हींना कायदा एकच. अंगठीत मंगळासाठी घालतात ते लाल पोवळंही एका प्रवाळाचा सांगाडाच बरं का, ते भूमध्य समुद्राकडचं प्रसिद्ध.

२०१७ मध्ये तर सरकारने मत्स्यालयांसाठी असे नियम काढले, की १५८ जातींच्या विक्रीवर बंदी, क्लाउनफिशसकट. दुकानदारांचे धाबे दणाणले. काही महिन्यांतच नियम मागे.

मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाने १९५१ पासून मराठी मुलांच्या कैक पिढ्यांना समुद्री मासे दाखवले, २०१५ मध्ये तिथे अ‍ॅक्रिलिकचा बोगदाही आला. आणि ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात आता क्लाउनफिशची पैदास होते, किनारी गावांतल्या लोकांना त्यातून धंदा मिळावा म्हणून. ड्वार्फ एंजल अजून त्या रांगेत नाही. कारण?

कारण त्याच्या पिल्लाचं तोंड! इतकं बारीक, की हॅचरीतलं नेहमीचं बाळअन्न त्यात मावत नाही. त्याला लागतात कोपेपॉड नावाच्या सूक्ष्म जीवांची नुकती जन्मलेली पिल्लं. हवाईच्या फ्रँक बेन्श यांनी या शतकाच्या सुरुवातीला हे गणित सोडवलं आणि ड्वार्फ एंजल माणसाच्या हातून वाढू लागले. तोवर जगातला जवळपास प्रत्येक ड्वार्फ एंजल समुद्रातूनच ओढलेला होता. काही ठिकाणी तर सायनाइडची पिचकारी मारून, गुंगवून. १९६० च्या दशकात फिलिपिन्समध्ये ही पद्धत सुरू झाली. मासा दुकानात चकचकीत दिसतो, घरी आणल्यावर काही आठवड्यांत कारण न कळता मरतो. प्रवाळ तर जागीच संपतं.

म्हणून शेवटचा फंडा, आणि हा स्किप करू नका. दुकानात गेलात की विचारा: टँकमध्ये वाढवलेला आहे का? कागद आहे का? आणि मग म्हणा, ‘दादा, माझ्यासमोर दोन दाणे टाका.’ माशाने झेपावून ते खाल्ले तर पाकीट काढा. तोंड फिरवून कोपऱ्यात बसला, तर तो कितीही फ्लेमिंग असो, रिकाम्या हाताने बालाघाटची गाडी पकडा.